गाडगें देव्हाऱ्यांत आणि बहुरूपी भिकाऱ्यांत!

मोठ्या शहरांतून हल्लीं एका कलेची फार चर्चा चालते. इंग्रजी शिकलेले लोक तिला गोरिला परफॉर्मन्स म्हणतात. आमच्या साध्या मराठींत सांगावयाचें तर हा गनिमी काव्याचा खेळ. तिकीट नाहीं, पडदा नाहीं, आगाऊ जाहिरात नाहीं, सरकारी परवाना नाहीं. कलावंत एकाएकीं बाजारांत किंवा एखाद्या भपकेबाज चित्रशाळेच्या दारांत उभा राहतो, आपल्या वेषानें आणि बोलण्यानें येणाऱ्याजाणाऱ्याला अडवितो, एखादा अडचणीचा प्रश्न विचारतो, आणि लोक विचारांत पडले कीं आपल्या वाटेनें निघून जातो. या कलेवर ग्रंथ निघतात, परिसंवाद भरतात आणि प्रबंध लिहून पदव्याही मिळतात.

वाचकहो, हें वर्णन ऐकून तुम्हांला हसूं आलें असेल तर तें योग्यच आहे. अंगावर खाकी चढवून, वॉरंट आणलें आहे म्हणून दरडावीत अंगणांत शिरणारा बहुरूपी तुमच्या आजीनें पाहिलेला आहे. घरधन्याच्या तोंडचें पाणी पळालें कीं तोच शिपाई हसून पसाभर ज्वारी मागतो. खाकी कपड्यापुढें आपण किती लटपटतों, हें तेवढ्या वेळांत त्यानें फुकट दाखवून दिलेलें असतें. पोळ्याच्या दिवशीं बैल तोरणाखालीं उभे राहिले म्हणजे आमचा कास्तकार झडत्या म्हणतो आणि त्यांत सावकाराची, व्यापाऱ्याची, पुढाऱ्याची व सरकारची बिनपाण्यानें हजामत होते. हें त्याला कोणत्या अकादमीनें शिकविलें? 

तेव्हां ही कला नवी कीं जुनी, या वादांत आम्हांला पडावयाचें नाहीं. आम्ही इतकेंच विचारतों कीं, ही कला ज्यांची त्यांच्या पदरीं आज काय पडतें? आणि तिच्या नांवानें हारतुरे कोणाच्या गळ्यांत पडतात?

याचें उत्तर शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. या कलेचा सर्वांत मोठा धनी वऱ्हाडांतच जन्मला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परटाच्या घरीं डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मास आला. बाप लवकर वारला. मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें गांवीं मामाच्या घरीं गुरें राखून व नांगर धरून तो वाढला. मामाची जमीन सावकाराच्या वहींत कशी गेली, हें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. १९०५ सालीं त्यानें घर सोडलें, आणि २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ देह ठेवीपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांवर, तो गांवोगांव फिरत राहिला. त्यालाच लोकांनीं गाडगेबाबा हें नांव दिलें.

बाबांचा वेष आठवा. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानांत कवडी, दुसऱ्या कानांत फुटक्या बांगडीची कांच, डोक्यावर उपडें घातलेलें मातीचें खापर आणि हातांत खराटा. हा वेष कोणत्या नाटकगृहाच्या पेटींतून आला नव्हता. प्रत्येक गरीब घराच्या उकिरड्यावर तो पडलेला होता. गांवांत शिरतांच बाबा कोणास न विचारतां रस्ता झाडूं लागत. कुत्रीं भुंकत, पोरें मागें लागत, शहाणीं माणसें वेडा म्हणत. गांवची घाण गांवकऱ्यांच्या डोळ्यांदेखत एक परका माणूस काढीत आहे, आणि आपण ओट्यावर बसून पाहत आहों, ही लाज दिवसभर गांवाच्या मनांत मुरत असे. मग रात्रीं तोच वेडा कीर्तनास उभा राही. सकाळचें झाडणें हा त्या खेळाचा पहिला अंक आणि रात्रीचें कीर्तन हा दुसरा. पहिल्या अंकावांचून दुसरा समजत नाहीं, हें ज्यांनीं बाबांना केवळ संत म्हणून हात जोडले त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

कीर्तनाची सुद्धां एक गादी असते. पूर्वरंग कोठें संपवावा, उत्तररंग कोठें लावावा, श्लोक कोणता म्हणावा, बिदागी किती घ्यावी, पाया कोणीं पडावें, याचे तेथें नियम असतात. त्या गादीवर परटाचा पोर बसूं शकला नसता. बाबांनीं तिच्यावर जागा मागितलीच नाहीं. त्यांनीं कीर्तन देवळाबाहेर मैदानांत आणलें. श्लोकाच्या जागीं प्रश्न घातला. नवसाचा बकरा शेवटीं कोण खातो? लग्नाच्या जेवणावळीचें कर्ज कोण फेडतो? दारूच्या दुकानावर कोणाचे मजले चढतात? तुझा पोरगा शाळेंत कां नाहीं? उत्तर ऐकणाऱ्यांनींच द्यावयाचें असे. एकदां हजार तोंडांतून उत्तर निघालें म्हणजे घरीं जाऊन तें गिळणें कठीण जाई. खेळ पाहावयास आलेला माणूस खेळांतच धरला गेला. आज विलायतेंतले विद्वान ज्याला प्रेक्षकांचा सहभाग म्हणतात तो हाच. बाबांनीं पाया पडूं दिलें नाहीं, चेला केला नाहीं, आणि लोकांनीं दिलेला पैसा घाटांना, धर्मशाळांना व मुलांच्या शिक्षणाला लावला. अशा माणसाला कोणती संस्था विकत घेणार?

अशा कलेशीं प्रतिष्ठित संस्था दोनच रीतींनीं वागत आल्या आहेत. कलावंत जिवंत असतो तोंवर काठी, आणि तो गेला कीं हार. काठीचा इतिहास आधीं पाहूं.

मराठी रंगभूमीचा वाढदिवस दरसाल ५ नोव्हेंबरला साजरा होतो, कारण १८४३ सालीं सांगलीच्या संस्थानिकाच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला. भाव्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांना चालना मिळाली ती कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून, म्हणजे फिरत्या कलावंतांकडूनच. तमाशा, दंडार, भारूड, गोंधळ हीं त्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या चालूं होतीं. तरी जन्मतिथि धरली ती दरबारच्या दिवाणखान्यांतली. अंगणांत जन्मलेल्या पोराची नोंद कोण ठेवतो?

पुढें १८५५ सालीं जोतीराव फुल्यांनीं तृतीय रत्न हें नाटक लिहिलें. एका गरोदर कुणबीणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा लुबाडतो, आणि शेवटीं तें जोडपें शिकण्याची वाट कशी धरतें, असें तें कथानक. जोतीरावांनीं तें दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कमिटींतील भिक्षुकी वळणाच्या सभासदांपुढें कांहीं चाललें नाहीं आणि नाटक नापसंत झालें, हें जोतीरावांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. तें छापून लोकांसमोर येण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. म्हणजे एका कमिटीच्या नकारानें एक नाटक सव्वाशें वर्षें अंधारांत राहिलें. ३० वर्षांनीं, १८८५ सालीं, त्याच जोतीरावांना ग्रंथकारांच्या सभेचें आमंत्रण आलें, तेव्हां त्यांनीं तें साफ नाकारलें. जे लोक माणसाचे हक्क सर्वांना देण्यास तयार नाहींत त्यांच्या सभेंत बसून आमच्या दुःखांवर काय ग्रंथ होणार, असा त्यांचा रोख होता. दार लावणाऱ्यांनीं पुढें खुर्ची दिली म्हणून ती घ्यावीच असें नाहीं, हा धडा तेव्हांपासून आमच्यापुढें आहे.

त्या नकारानंतर आमचे लोक रडत बसले नाहींत. सत्यशोधक मंडळींनीं जलसा उभा केला. तमाशाचाच साचा घेतला, पण गणांत निर्मिकाला नमन घातलें, गवळणींत भोळ्या भाविकाला फसविणाऱ्या भटजीची फजिती आणली, आणि वगांत सावकार, शाळा व शेतसारा आणला. पुढें आंबेडकरी जलशांनीं तीच वाट धरली. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. या सर्वांचें नाट्यगृह म्हणजे चावडीपुढली मोकळी जागा, दिवा म्हणजे टेंभा किंवा गॅसबत्ती, आणि परीक्षक म्हणजे दिवसभर राबून आलेली माणसें. खेळ पटला नाहीं तर तीं उठून जात. याहून कडक परीक्षा कोणती अकादमी घेते?

सरकारची काठी निराळी. बंगाल्यांत नीळ पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा छळ नीलदर्पण नाटकांतून लोकांसमोर आला. गोऱ्या साहेबांची टर उडविणारे खेळ होऊं लागले. तेव्हां १८७६ सालीं इंग्रज सरकारनें नाटकांवर बंदी घालण्याचा कायदा केला. योगायोग पाहा कीं ज्या सालीं शेंडगांवीं डेबूजी जन्मला त्याच सालीं हा कायदाही जन्मला. इंग्रज १९४७ सालीं गेले; कायदा मात्र कायद्यांच्या पुस्तकांतून २०१८ सालीं निघाला. मालक बदलला तरी काठी खुंटीला टांगलेलीच राहते, याचा हा दाखला.

काठी कधीं सरकारची असते, कधीं गुंडाची. १ जानेवारी १९८९ रोजीं दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तींत सफदर हाश्मी आणि त्यांचे साथीदार कामगारांपुढें हल्ला बोल हें पथनाट्य करीत होते. गुंडांनीं भर खेळांत हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशीं सफदर मरण पावले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री त्याच जागीं परत गेल्या आणि अर्धवट राहिलेला खेळ त्यांनीं पुरा केला. या देशांत रस्त्यावर प्रश्न विचारणें कधींकधीं प्राणावर बेततें.

आतां हाराकडे वळूं. आमच्या मतें खरा घात काठीचा नसून हाराचा आहे, आणि तो परदेशांत फार स्वच्छ दिसतो. ज्या अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्यांना जोतीरावांनीं १८७३ सालीं गुलामगिरी अर्पण केली, त्याच देशांत सॅन फ्रान्सिस्को शहरीं आर. जी. डेव्हिस नांवाचा नाटकवाला होता. १९६५ सालीं बागांच्या कारभाऱ्यांनीं त्याच्या मंडळीचा परवाना रद्द केला. तरी तो बागेंत खेळ करण्यास उभा राहिला आणि पोलिसांनीं त्याला तेथेंच धरलें. पुढल्या वर्षीं त्यानें लेख लिहून या रीतीला गनिमी नाट्य हें नांव दिलें. त्यानेंच स्थापलेल्या मंडळीला १९८७ सालीं तेथील नाट्यधंद्याचें मानाचें टोनी पारितोषिक मिळालें. एका हातानें बेडी, दुसऱ्या हातानें पदक. मध्यें लोटलीं ती बावीस वर्षें.

दुसरा दाखला याहून मौजेचा. विलायतेंत बँक्सी या टोपणनांवाचा एक चित्रकार आहे. तो रात्रींच्या वेळीं भिंतींवर चित्रें काढून पसार होतो. ऑक्टोबर २०१८ मध्यें लंडनच्या सोदबी या लिलावघरांत त्याचें फुग्याकडे हात करणाऱ्या मुलीचें चित्र दहा लाख पौंडांवर विकलें गेलें. हातोडा पडतांच चौकटींत लपविलेल्या यंत्रानें तें चित्र अर्धें चिरलें. धनिकांच्या बाजारावर हा केवढा टोला, असें जगाला वाटलें. पण बाजार काय करतो? २०२१ सालीं तेंच फाटकें चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांवर विकलें गेलें. ज्यानें बाजाराच्या तोंडांत मारली त्या थपडेचाही बाजारानें लिलाव केला! आपल्या बाजार समितींत फाटक्या गोणीचे पैसे कापतात. तिकडे चित्र फाटलें म्हणून भाव चढतो. कारण त्यांना कापूस नको असतो, फाटण्याची गोष्ट हवी असते.

असाच लिलाव आमच्या गाडगेबाबांचा झाला नाहीं काय? १९७७ सालीं त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. २००० सालापासून राज्यांत त्यांच्या नांवाचें ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालें. १९८३ सालीं निघालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढें त्यांचें नांव मिळालें. यांतील एकही गोष्ट वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परटाच्या पोराचें नांव विद्यापीठाच्या कमानीवर लागावें यासारखा आनंद कोणता? स्वच्छतेच्या अभियानानें कित्येक गांवांचे रस्ते सुधारले हेंही खरें. पण वाचकहो, नीट पाहा. खराटा ठेवला, खापर ठेवलें, गोधडी ठेवली. त्यांच्या पोटांतला प्रश्न कोठें गेला? पुढारी येतात, हातांत कोरा खराटा धरून छायाचित्र काढवितात आणि मोटारींत बसतात. बाबा झाडीत ते गांवाला लाज वाटावी म्हणून. हे झाडतात ते गांवानें टाळ्या वाजवाव्या म्हणून. बाबा कर्जाविषयीं विचारीत. कर्जापायीं फांस घेणाऱ्या कास्तकारांचीं प्रेतें ज्या वऱ्हाडांतून वर्षानुवर्षें निघत आहेत, तेथें बाबांच्या पुतळ्यासमोर कर्जाचा प्रश्न विचारण्याची हिंमत किती वक्त्यांना होते?

पुतळ्याला हार घालणें सोपें असतें, कारण पुतळा उलट विचारीत नाहीं. जिवंत बहुरूपी विचारतो. म्हणून त्याच्यासाठीं निराळी व्यवस्था केलेली आहे, ती आतां ऐका.

मुंबई राज्यानें १९५९ सालीं भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर तो आपल्या राज्याकडे आला. त्यांत भीक कशाला म्हणावें याची व्याख्या आहे. गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, खेळ करून दाखविणें, अशा कोणत्याही मिषानें सार्वजनिक जागीं दान मागणें किंवा घेणें म्हणजे भीक, असें ती व्याख्या सांगते. मिष हा शब्द ध्यानांत ठेवा. वासुदेवाचें गाणें हें मिष! डोंबाऱ्याच्या पोरीची दोरीवरची कसरत हें मिष! बहुरूप्याचें सोंग हें मिष! पहिल्याच वेळीं दोषी ठरला तर एक ते तीन वर्षें कोंडून ठेवण्याची तरतूद त्यांत आहे. हा कायदा ज्या भागाला लावला जातो तेथें पोलिसाला वॉरंटाची गरज नाहीं. सोंग घेऊन खोटें वॉरंट दाखविणाऱ्याला खरा पोलिस वॉरंटावांचून नेऊं शकतो, असा हा न्याय आहे. आणि या व्याख्येप्रमाणें पाहिलें तर चिंध्या पांघरून, गाऊन, लोकांकडून चटणीभाकर घेणारे गाडगेबाबा कोण ठरतात, याचें उत्तर कमानीवर त्यांचें नांव लावणाऱ्यांनींच द्यावें.

तेंच सोंग, तेंच गाणें, सांस्कृतिक भवनाच्या रंगमंचावर झालें तर कला. तिकिटाचे पैसे घेतले तर कला. सरकारी अनुदान घेतलें तर फारच मोठी कला. रस्त्यावर पसाभर ज्वारी घेतली कीं भीक. फरक खेळांत नाहीं, पैसे देणारा कोण यांत आहे. दिल्लींत १९५३ सालीं संगीत नाटक अकादमी निघाली, नागपुरास १९८६ सालीं दक्षिण मध्य क्षेत्राचें सांस्कृतिक केंद्र निघालें. लोककलेचे महोत्सव भरतात आणि कलावंताला फेटा बांधतात. परंतु अकादम्यांची ही सारी वर्षें गेलीं, आणि या व्याख्येंतील चार शब्द खोडून काढा असा लोकांचा आवाज उठला असेल तर तो त्यांच्या दारांतून उठला नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्या शहरापुरतीं या कायद्याचीं अनेक कलमें घटनाबाह्य ठरविलीं. दिल्लीच्या गवयाला जें मिळालें तें अकोल्याच्या वासुदेवाला कां मिळूं नये?

कायद्यानें ज्याला संशयित ठरविलें त्याला लोकही संशयित मानूं लागतात. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण मारले गेले. मंगळवेढ्याकडून भिक्षेवर पोट भरीत आलेले ते लोक. मुलें पळविणारी टोळी आली अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. बाजाराच्या दिवशीं जमावानें त्यांना धरलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें आणि ठेंचून मारलें. मारणारे कोणी अकादमीचे सभासद नव्हते. तीं शेतकऱ्याकष्टकऱ्यांचींच पोरें होतीं. ज्यांच्या बापजाद्यांनीं गोसाव्याला ओट्यावर बसवून पाणी दिलें, त्यांच्याच हातून हें घडलें. म्हणून आम्ही केवळ शहरांतल्या संस्थांना बोल लावून थांबणार नाहीं. आज अमरावती-अकोल्याच्या समित्यांवर आमचेही लोक बसतात, शाळा-कॉलेजें आमच्याही हातीं आहेत. दक्षिणा कमिटीची गादी मोडली. पण आमच्यांतल्याच कोणीं ती सांधून तिच्यावर बैठक मारली असेल तर त्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा: संस्थांनीं पैसा दिला नाहीं तर हे कलावंत उपाशी मरतील. आम्ही पैशाला नको म्हणत नाहीं. शेतकऱ्याच्या पोराला फी माफ होते, तशी म्हाताऱ्या शाहिराला पेन्शन मिळावी, त्याच्या पोराला शाळा मिळावी. पण मजुरी देणाऱ्यानें तोंडावर हात ठेवूं नये. रात्रभर चालणारी दंडार महोत्सवांत घड्याळाच्या कांट्यावर उरकावयाची, तिच्यांतील सावकार वगळावयाचा, आणि मंत्र्याचें स्वागत तेवढें वाढवावयाचें, हा मोबदला नव्हे, हें वेसण आहे. दुसरा आक्षेप असा: या जुन्या कलांत अंधश्रद्धा आहे, पोतराजाचा आसूड आहे, भविष्याची थाप आहे, त्यांचें कौतुक कशाला? हा आक्षेप मात्र खरा आहे. पण सत्यशोधकांनीं तमाशाचें काय केलें तें आठवा. तो त्यांनीं लोणच्यासारखा बरणींत घालून जपला नाहीं, आणि उकिरड्यावरही फेकला नाहीं. त्याचा सांगाडा घेतला आणि आंत नवा प्राण घातला. बाबांनीं कीर्तनाचें तेंच केलें. जपून ठेवण्याचा सोस संग्रहालयांना असतो. आम्हांला चालता-बोलता खेळ पाहिजे, आणि तो चालावयाचा तर बदलणारच.

मग करावें काय? मोठ्या गोष्टी आम्ही सांगत नाहीं. पहिली गोष्ट, प्रत्येक ग्रामसभेनें ठराव करावा कीं गांवांत येणारा वासुदेव, बहुरूपी, गोंधळी, पथनाट्यवाला यांना गांवचा पार किंवा चावडीपुढची जागा मोकळी राहील. त्याची नोंद ग्रामपंचायतींत होईल ती त्याच्या रक्षणासाठीं, परवानगीसाठीं नव्हे. परका माणूस आला म्हणून मोबाइलवर अफवा उठली तर पोलिस पाटलानें आणि सरपंचानें आधीं त्याच्या शेजारीं जाऊन उभें राहावें. दुसरी गोष्ट, मतें मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावें कीं १९५९ च्या कायद्याच्या व्याख्येंतून गाणें, नाचणें आणि खेळ करणें हे शब्द काढण्याचें विधेयक तूं मांडशील काय? हें काम मुंबईच्या विधिमंडळाचें आहे आणि तेथें तुमचींच माणसें निवडून जातात. तिसरी गोष्ट पोळ्याची. जेथें झडत्यांना पुढाऱ्याच्या हातून बक्षीस मिळतें तेथें त्या पुढाऱ्यावरची झडती पहिली म्हणावी. ती ऐकून त्यानें बक्षीस दिलें तर तो माणूस. न दिलें तर बक्षीस त्याच्याजवळ राहूं द्यावें, झडती आपल्याजवळ आहेच.

आणि बायाबापड्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, पोराबाळांना घेऊन हे खेळ पाहा. भुलाबाईचीं गाणीं म्हणणाऱ्या मुलींनीं त्यांत आजच्या सासुरवासाचा, हुंड्याचा आणि विहिरीच्या आटलेल्या पाण्याचा प्रश्न घालावा. त्यासाठीं कोणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहूं नये. जी गोष्ट पाटलासमोर बोलतां येत नाहीं ती सोंगांत बोलतां येते. गरिबाच्या हातांतलें हें फार जुनें हत्यार आहे. तें गंजूं दिलें तर कोणतीही अकादमी आपल्याला नवें घडवून देणार नाहीं.

चित्रशाळांनीं आपल्या भिंती सजवाव्या, विद्वानांनीं गनिमी कलेवर ग्रंथ लिहावे. आमची ना नाहीं. परंतु बाबांचें गाडगें देव्हाऱ्यांत ठेवून त्यांच्या भाऊबंदांना भिकाऱ्यांच्या यादींत घालणें, हा दुटप्पीपणा वऱ्हाडच्या कष्टकऱ्यानें चालूं देऊं नये. तें गाडगें भाकरीसाठीं होतें. तें देव्हाऱ्यांतून खालीं उतरवा, त्यांत भाकरी घाला, आणि दारांत उभ्या असलेल्या बहुरूप्याला विचारा कीं बाबा रे, आज कोणता प्रश्न घेऊन आलास?